कुत्रा काढा, बाई काढा

आमच्या कम्प्लायन्सच्या, म्हणजे जाहिरात कायद्यात बसते का ते तपासणाऱ्या, बाई हिरवं पेन वापरतात. लाल शाई दिसली की मार्केटिंगवाले भांडायलाच उठतात, असं त्यांचं म्हणणं. २०२१ मधल्या त्या सकाळी माझ्या कार्डावर त्यांच्या पेनाची पहिली फुली पडली ती कुत्र्यावर.

कार्ड दुकानाच्या काउंटरवर ठेवायचं होतं. टोरांटोतल्या आमच्या गांजाच्या कंपनीची (हो, गांजाच्या; आई ओळखीपाळखीत 'शेतीमालाची कंपनी' म्हणून सांगते) नवी गमी, म्हणजे चघळायची मऊ गोळी, बाजारात येत होती. पाकिटात दोन गम्या, प्रत्येकीत ५ मिलिग्रॅम टीएचसी, म्हणजे गांजातला नशा आणणारा घटक. कॅनडात खाण्याच्या पदार्थाच्या एका पाकिटात १० मिलिग्रॅमच्या वर जाताच येत नाही. त्याआधी मी नऊ वर्षं बिस्किटं आणि शीतपेयं विकली होती, त्यामुळे चित्र सुचायला पाच मिनिटंही लागली नव्हती. संध्याकाळ, तळं, लाकडी धक्क्यावर खुर्ची टाकून बसलेली बाई, पायाशी कुत्रा. खाली ओळ: 'दिवस इथे संपतो.' ओळीवर मी स्वतःच खूश होते.

"कुत्रा काढा. प्राणी चालत नाही. खराही नाही, चित्रातलाही नाही."

"बरं. बाई तरी पाठमोरी आहे."

"पाठमोरं माणूसही माणूसच असतं."

तळं आणि खुर्ची गेली 'मौजमजे'पायी. कॅनडात गांजा कायदेशीर करणाऱ्या २०१८ च्या कॅनबिस कायद्याचं कलम १७ आमच्या धंद्यात गायत्री मंत्रासारखं पाठ असावं लागतं. झगमगाट, मौज, थरार, जोम, जोखीम, धाडस यांच्याशी माल जोडायचा नाही. कुणाची शिफारस छापायची नाही. मुलांना भुरळ पडेल असं काही दाखवायचं नाही. माझी लाडकी ओळ गेली, कारण तिच्यातून झोप सूचित होत होती आणि तब्येतीला फायदा होतो असं सुचवायचीही सोय नाही. चुकलं तर ५० लाख डॉलरपर्यंत दंड, ३ वर्षांपर्यंत कैद. कलम मी पहिल्याच आठवड्यात पाठ केलं होतं, पण ते आपल्याच चित्रावर चाललेलं बघताना पोटात तुटतं.

उरलं काय? ब्रँडचं नाव, मिलिग्रॅमचा आकडा आणि तळाशी मी नाइलाजाने बारीक टाकलेली एक ओळ: 'परिणाम जाणवायला २ तासांपर्यंत वेळ लागू शकतो. तोवर दुसरी खाऊ नका.' बाईंनी तिच्याभोवती गोल केला. "ही मोठी करा."

जेवणाच्या सुट्टीत मी जुन्या कंपनीतल्या मैत्रिणीला फोन करून मनसोक्त रडगाणं गायलं. आमचं समाजमाध्यमावरचं खातं दोनदा बंद पडलेलं. लास वेगासला या उद्योगाचं मोठं प्रदर्शन भरतं, तिथे जायची मला भीती, कारण गांजाच्या कामासाठी चाललोय म्हटलं तर अमेरिकेच्या सीमेवरूनच परत पाठवू शकतात. ती म्हणाली, "मग तू दिवसभर करतेस तरी काय?"

करते ते संध्याकाळी. दुकानांत जाऊन बडटेंडरांना, म्हणजे काउंटरवर माल दाखवणाऱ्या मुलामुलींना, आमचा माल समजावते. भेटवस्तू देऊन 'आमचंच पुढे करा' म्हणायची सोय नाही, त्यामुळे फक्त समजावणं. त्या दिवशीचं दुकान शहराच्या पश्चिमेला होतं. बाहेरून मुलांना माल दिसू नये म्हणून काचा दुधी केलेल्या. आत चार जण, आणि प्रश्न नेहमीचाच: गिऱ्हाईक टीएचसीचा टक्का सोडून काही विचारतच नाही, काय करायचं?

तेवढ्यात सत्तरीच्या आसपासच्या एक बाई आल्या. थेट काउंटरशी जाऊन हळू आवाजात म्हणाल्या, "मागच्या वेळी मी मरणार होते."

एक गमी खाल्ली, अर्ध्या तासात काही झालं नाही म्हणून दुसरी खाल्ली, मग दुसरं पाकीट फोडलं. पुढची रात्र न्हाणीघराच्या फरशीवर. छाती धडधडतेय, भिंत जवळ येतेय आणि लाजेपायी मुलाला फोन करवत नाही. सकाळी सुनेला सांगितलं, फ्लू आहे.

काउंटरवरचा पोरगा विशीतला असेल, पण हसला नाही. पोटातून, यकृतातून जायला वेळ लागतो, पूर्ण जोर चढायला ४ तासही लागतात, अर्धीच कापून खा, असं त्याने शांतपणे सांगितलं. बाई म्हणाल्या, "हे कुठे ठळक लिहिलेलं का नसतं?"

कार्डाची सकाळची प्रत माझ्या पर्समध्ये होती. तळाची ओळ तेवढी दिसेल अशी घडी घालून मी ती पुढे धरली. त्यांनी चष्मा लावून वाचली, मान हलवली आणि मी थांबवायच्या आत घडी उलगडली.

"याला का मारलंत?" फुलीवर बोट ठेवून त्या म्हणाल्या. "किती छान आहे."

मी कागद मागून घेतला. त्यांच्या हातात राहिला असता तर ती जाहिरात झाली असती, तीही कुत्र्यासकट. त्या पोराने पावतीच्या मागे पेनाने मोठ्ठं '२ तास' लिहिलं आणि पावती त्यांच्या हातात दिली.