आकड्यांच्या गळ्यात घंटा बांधण्याआधी

सरासरी आणि प्रमाण विचलन (आकडे सरासरीपासून साधारण किती लांब पसरलेत त्याचं माप) हाताशी आलं की अनेक जण लगेच घंटेच्या आकाराचा वक्र काढून मोकळे होतात. एक्सेल कशालाच नाही म्हणत नाही, त्यामुळे तो वक्र आकड्यांना मानवतो का हे आपणच बघायचं.

समजा, मुंबईतल्या जुलैच्या रोजच्या पावसाची सरासरी 25 मिमी आणि प्रमाण विचलन 35 मिमी आलं. यावर नॉर्मल, म्हणजे तोच घंटेचा वक्र किंवा पाठ्यपुस्तकातलं प्रसामान्य वितरण, बसवलं तर 24 टक्के दिवशी पाऊस शून्याच्याही खाली जातो! दुसरं टोक याहून घातक आहे. 200 मिमी म्हणजे सरासरीच्या वर पाच विचलनं, आणि वक्राच्या मते असा दिवस 35 लाख दिवसांत एकदा येतो. सांताक्रूझला 26 जुलै 2005 रोजी 24 तासांत 944 मिमी पाऊस पडला होता. नाल्याची रुंदी या वक्रावरून ठरवणाऱ्याने घर मात्र टेकडीवर बांधावं.

म्हणून पहिली चाळणी अशी: मोजलेली गोष्ट ऋण होऊ शकत नसेल आणि सरासरी विचलनाच्या दुपटीहूनही कमी असेल, तर नॉर्मलचा नाद सोडा. मात्र सरासरी दुपटीहून जास्त आली म्हणजे काम झालं, असंही नाही.

हिस्टोग्रामवर (आकड्यांचे गट करून काढलेल्या स्तंभालेखावर) फार विसंबू नका. 30-40 आकडे असतील तर गटांची रुंदी जरा बदलली तरी आकार पालटतो. त्यापेक्षा क्यू-क्यू आलेख बरा; त्यात आपले आकडे नॉर्मलच्या अपेक्षित आकड्यांशी ताडून बघता येतात. आकडे चढत्या क्रमाने लावा. प्रत्येकाच्या क्रमांकातून 0.5 वजा करून एकूण संख्येने भागा आणि उत्तर एक्सेलच्या 'नॉर्म.एस.इन्व्ह' (NORM.S.INV) फंक्शनमध्ये घाला. ते आडव्या अक्षावर, मूळ आकडे उभ्या अक्षावर. ठिपके साधारण सरळ रेषेत आले तर ठीक. दोन्ही टोकं रेषेच्या वर उचलली गेली तर उजवीकडे लांब शेपूट आहे, म्हणजे थोडे आकडे बाकीच्यांपेक्षा फार मोठे आहेत. डावं टोक खाली आणि उजवं वर गेलं तर दोन्ही शेपट्या जड. पायऱ्या दिसल्या तर मोजमाप ढोबळ आहे. मध्येच फट पडली तर बहुधा दोन वेगळे गट एकत्र आलेत, तेव्हा आधी ते वेगळे करा.

आकडे नॉर्मल आहेत का हे तपासणाऱ्या शापिरो-विल्क चाचणीचा निकाल डोळे झाकून घेऊ नये. 15 आकड्यांत तिला मोठा वाकडेपणाही अनेकदा दिसत नाही, आणि 5000 आकड्यांत नगण्य वाकडेपणावरही ती बोट ठेवते.

तोच पाऊस देशभराचा आणि जून ते सप्टेंबरचा मिळून घेतला तर चित्र पालटतं. 122 दिवसांची आणि असंख्य ठिकाणांची बेरीज-सरासरी झाल्यावर अनेक वर्षांची सरासरी सुमारे 87 सेंमी आणि विचलन तिच्या साधारण 10 टक्के उरतं. शून्याची भिंत दहा विचलनं लांब गेली, म्हणून इथे नॉर्मल बऱ्यापैकी चालतं. (हवामान खात्याचा जिल्हावार 'नॉर्मल' पाऊस म्हणजे सरासरीच्या 19 टक्के खाली-वर. त्याचा या वक्राशी काही संबंध नाही.)

रोजच्या पावसासाठी कोरडे दिवस वेगळे मोजा आणि पावसाच्या दिवसांना गॅमा वितरण (शून्याच्या खाली न जाणारं, उजवीकडे लांब शेपूट असलेलं) लावून बघा. प्रश्न अतिवृष्टीचा असेल तर दर वर्षातला फक्त सर्वात मोठा आकडा घ्या आणि त्याला गुंबेल (अशा कमाल आकड्यांसाठीचं वितरण) लावा.