शाळेची ई-रिक्षा आणि मुलांची छाती

डिझेल ऑटो शाळेच्या फाटकापाशी सुरूच ठेवला की धूर थेट मुलांच्या नाकाच्या उंचीवर येतो. त्यांचा श्वास मोठ्यांपेक्षा जलद, म्हणून त्रासही जास्त. ई-रिक्षाने हा धूर थांबतो. मुरमाच्या रस्त्याची धूळ मात्र उडतेच, आणि वीज बरीचशी चंद्रपूर-कोराडीच्या कोळशावर चालणाऱ्या वीजकेंद्रांची.

खरी काळजी ४८ व्होल्टच्या शिसे-आम्ल बॅटरी संचाची. चार्जिंगमध्ये हायड्रोजन हा पेट घेणारा वायू निघतो. मुलं झोपतात त्या खोलीत नकोच, मोकळ्या ओसरीत लावा. डिस्टिल्ड वॉटर चार्जिंगनंतर भरा. आधीच काठोकाठ भरलं तर आम्ल फुगून बाहेर येतं. बॅटरीच्या आतल्या शिशाच्या प्लेटा उघड्या पडल्या असतील तर तेवढ्या बुडवण्यापुरतंच आधी घाला.

जुनी बॅटरी गावात फोडू देऊ नका, विक्रेत्याला परत करा. शिशाची कुठलीच मात्रा लेकरांना सुरक्षित नाही.