अर्धं सीताफळ, अर्धा बटाटा

मागच्या वर्षी धुऱ्यावरची सीताफळं पाहून बाबा म्हणाले, "हे काय बे, अर्धं सीताफळ अन् अर्धा बटाटा?" खरंच, एका बाजूनं डोळे मस्त फुगलेले अन् दुसरी बाजू बसलेली. मी खताला दोष दिला, रोगाला दिला, पावसाला तर आपण देतच असतो.

दोषी मीच होतो. जूनमध्ये फुलं उचकटून पाहिली तर आत तिळापेक्षा थोडे मोठे तपकिरी भुंगेरे, पाकळ्या कुरतडत बसलेले, मग काय घरात मागचं औषध पडून होतं ते पंपात टाकून मारलं. नंतर वाचत बसलो तेव्हा कळलं की सीताफळाचं लग्न लावणारे हेच!

सीताफळाचं फूल आधी मादी असतं. पाकळ्या जाड, खाली लोंबलेल्या, फटीएवढ्याच उघड्या, वास पिकलेल्या फळासारखा, म्हणून सडकी फळं खाणारा हा प्राणी आत घुसून चक्क मुक्कामच टाकतो. मग तेच फूल नर होतं, पराग झडतात, पाकळ्या मोकळ्या होतात अन् हा अंगाला पिठी लावून निघतो दुसऱ्या मादी फुलाकडे. मधमाशीला तिथं फारसं काही मिळत नाही, मध नसतोच त्यात. आणि फुलाच्या मधोमध बारीक बारीक स्त्रीकेसर दाटीनं बसलेले असतात, ज्याला पराग मिळाला त्याचा डोळा फुगतो, ज्याला नाही मिळाला तो तसाच बसून राहतो. माझ्या बटाट्याचं कोडं असं सुटलं.

सोनचाफ्याच्या जातकुळीतल्या झाडांकडेही भुंगेरेच जातात म्हणे. आणि मलेशियात पाम तेलाच्या बागांत आधी मजूर लावून हातानं पराग टाकावा लागायचा, १९८१ मध्ये कॅमेरूनचा एक सोंडेवाला भुंगेरा आणून सोडला अन् ते काम बंदच झालं.

यंदा पोराचा ड्रॉइंगचा ब्रश घेऊन मीही सकाळी सकाळी वीसेक फुलांना पराग लावला, मान मोडली. मग औषधाला हात नाही लावायचा असं ठरवलं अन् झाडांखाली सडके आंबे नेऊन टाकले, वासानं भुंगेरे यावेत म्हणून. माय म्हणते, "घरी कचरा टाकाले दहा वेळा सांगा लागते अन् वावरात बादली भरून नेते!"