तोडणाऱ्याची लाईट

सोलापुरात मे महिन्यात दुपारी दोननंतर ओपीडीत कुणी फिरकत नाही. त्या दिवशी मात्र अशोक चौकातून सहासष्ट वर्षांच्या एक अम्मा आल्या, डावा हात पदरात बांधून. पहाटे नळाला पाणी आलं, घाईत घसरल्या, हात टेकला आणि मनगट मोडलं. एवढ्याशा पडण्यानं! एक्स-रेत हाड विरलेल्या टॉवेलसारखं दिसत होतं. चाळीस वर्षं विड्या वळलेल्या. सूप मांडीवर, मान खाली, ऊन दाराबाहेर. पुढे हाडांची घनता मोजणाऱ्या डेक्सा तपासणीत टी-स्कोअर, म्हणजे तरुण निरोगी हाडाशी केलेली तुलना, उणे 3.1 आला. उणे 2.5 किंवा त्याखाली म्हणजे ऑस्टिओपोरोसिस, हाडं ठिसूळ होण्याचा आजार.

"कॅल्शियमच्या गोळ्या दोन वर्षं खाते की ओ डॉक्टर. मग मोडलंच कसं?"

त्यांचे मालक टॉवेलच्या मागावर होते. म्हटलं, "अम्मा, सूत भरपूर आहे, पण लाईट नसली तर माग चालतो का?" हाड रोज थोडं तोडलं जातं, थोडं बांधलं जातं. बांधणाऱ्या पेशींना वीज पुरवतात मायटोकाँड्रिया, पेशीच्या आतली छोटी वीजघरं. वय वाढतं तशा या वीजघरांच्या स्वतःच्या डीएनएत चुका साठतात, वीज कमी पडते. मज्जेतल्या ज्या मूळ पेशींनी हाड बांधायचं, त्या चरबीकडे वळतात. दाखला मलाच फार आवडला होता.

"तोडणारे बी हाडातच की. त्यांची लाईट का जात नाही?"

मी गप्प. हाड तोडणाऱ्या पेशींत तर मायटोकाँड्रिया खच्चून भरलेले असतात. माझ्या हिशेबानं आधी त्याच बंद पडायला हव्यात. "प्लास्टर काढताना सांगतो," म्हणून सुटलो.

रात्री वाचायला बसलो. 2004 साली स्वीडनमधल्या शास्त्रज्ञांनी असे उंदीर तयार केले, ज्यांच्या मायटोकाँड्रियाच्या डीएनएची नक्कल सदोष होत राहते. ते ऐन तारुण्यात म्हातारे झाले: केस गळाले, पाठीला बाक आला, हाडांची घनता घटली. पण अम्मांचं उत्तर दुसरीकडे सापडलं. बिघडलेला मायटोकाँड्रिया नुसता मंदावत नाही, त्यातून ऑक्सिजनचे जहाल रेणू जास्त निसटतात. बांधणाऱ्यांना ते जाचतात, तोडणाऱ्यांना मात्र चेव आणतात. त्यात पाळी गेली की तोडणाऱ्यांवरचा इस्ट्रोजेनचा लगामही सुटतो. अम्मांची बेचाळिसाव्या वर्षीच गेली होती.

सहा आठवड्यांनी प्लास्टर कापताना सांगितलं, "लाईट नुसती जात नाही अम्मा, वायरीतून ठिणग्या उडतात. बांधणारे पळतात, तोडणारे जमतात."

"मग वायरमन बोलवा की."

तसं औषध अजून आमच्याकडे नाही. तोडणाऱ्यांना आवरणारं आहे, वर्षातून एकदा सलाईनमधून. बाकी चालणं आणि अंगावर वजन घेऊन उठबस. त्यानं हाडावर भार पडतो आणि स्नायूंत तरी नवे मायटोकाँड्रिया तयार होतात. म्हटलं, शंभर विड्या झाल्या की उठायचं, गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन यायचं.

"शंभराला उठले तर हजार कधी व्हायच्या? दोनशे."

दीडशेवर सौदा ठरला.