दिंडोरी तालुक्यातला एक रविवार आणि एका विद्यापीठाचे अंदाजपत्रक

२०११ सालच्या जानेवारीतला तो रविवार होता. आफ्रिकेतील एका देशाचे तीन प्रतिनिधी चार दिवसांसाठी नाशिकला आले होते. त्यांच्या सरकारने मुक्त विद्यापीठ काढण्याचे ठरवले होते आणि विधेयक संसदेपुढे जाण्याआधी आराखडा व अंदाजपत्रक पक्के करण्याची जबाबदारी या तिघांवर होती. गंगापूर धरणाच्या बाजूला गोवर्धन येथे असलेला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाचा परिसर त्यांनी आधीच पाहिला होता. १९८९ साली राज्याच्या कायद्याने हे विद्यापीठ कसे उभे राहिले आणि राम ताकवले यांच्यासारखा पहिला कुलगुरू लाभल्याने त्याची घडण कशी झाली, हेही त्यांनी समजून घेतले होते. दूरशिक्षणाच्या प्रकल्पांचे खर्च तपासण्याचे काम मी बरीच वर्षे करत आलो असल्याने त्यांनी आपले अंदाजपत्रक माझ्याकडे सोपवले आणि आकडे तपासून द्या, असे सांगितले.

शनिवारी रात्री मी ते वाचून काढले. बेरजा बिनचूक होत्या. मुख्यालयाची इमारत, दूरचित्रवाणीचा स्टुडिओ, छापखान्याची यंत्रे, वाहने, परदेशी सल्लागारांचे मानधन अशा नोंदींनी पाने भरली होती. साठ अभ्यासक्रम पहिल्याच वर्षी सुरू व्हायचे होते. अभ्यासकेंद्रे आणि तिथे विद्यार्थ्यांच्या अडचणी सोडवणारे शिक्षक, म्हणजे समंत्रक, यांच्यासाठी मात्र एकच ओळ होती आणि तिच्यात एकूण शंभर रुपयांतले जेमतेम चार रुपये होते. पुस्तके लिहून घेण्यासाठी वेगळी तरतूदच नव्हती. प्राध्यापक आपल्या कामाच्या वेळात ती लिहितील, असे गृहीत धरले होते.

मला यात आश्चर्य वाटले नाही, कारण असे अंदाजपत्रक तयार होण्यामागे कारण असते. देणगीदार देश आणि वित्तसंस्था साधारणपणे यंत्रे, इमारती आणि सल्लागार यांच्यासाठी पैसे देतात. दरवर्षी येणारा चालू खर्च त्या सहसा उचलत नाहीत. म्हणून जे मागता येते तेच आराखड्यात मोठे होत जाते, पाच वर्षांनी प्रकल्प संपतो आणि समंत्रकांचे मानधन, टपाल, कागद यांचे ओझे त्या देशाच्या तिजोरीवर येऊन पडते. कागद आयात करावा लागत असेल, तर चलनाची किंमत घसरली की तेच ओझे आणखी वाढते. हे सारे मी त्यांना एखाद्या टिपणात लिहून देऊ शकलो असतो. पण टिपणे त्यांनी पुष्कळ वाचली होती. रविवारी विद्यार्थी आणि समंत्रक यांची प्रत्यक्ष भेट, म्हणजे संपर्कसत्र, असते, म्हणून मी त्यांना दिंडोरी तालुक्यातल्या एका अभ्यासकेंद्रावर घेऊन जायचे ठरवले.

सकाळी सातला आम्ही निघालो. म्हसरूळ मागे पडल्यावर दोन्ही बाजूंना द्राक्षबागा लागल्या. हंगाम सुरू झाला होता; पेठ आणि सुरगाण्याकडून आलेल्या मजुरांच्या टोळ्या बागांमध्ये शिरत होत्या. तिघांपैकी एक जण त्यांच्या वित्त मंत्रालयातले अधिकारी होते. त्यांनी गाडीतच मला विचारले, "मुक्त विद्यापीठ स्वस्त पडते असे सगळे म्हणतात. ते नक्की कधी स्वस्त पडते?"

मी वहीवर गणित मांडले. समजा, पुस्तके तयार करणे, कार्यालय चालवणे, परीक्षांची यंत्रणा उभी ठेवणे यांचा वर्षाचा ठरावीक खर्च दहा कोटी रुपये आहे आणि प्रत्येक विद्यार्थ्यामागे पुस्तक, टपाल व समंत्रण मिळून दोन हजार रुपये लागतात. विद्यार्थी पाच हजार असतील, तर माणशी खर्च बावीस हजार होतो. ते पन्नास हजार झाले, तर तोच खर्च चार हजारांवर येतो. ही स्वस्ताई मोठ्या संख्येतून येते. पण अभ्यासक्रमांची संख्या वाढत गेली, तर ठरावीक खर्चही वाढत जातो आणि विद्यार्थी साठ ठिकाणी वाटले जातात. पन्नास हजार विद्यार्थी असूनही मग ती स्वस्ताई हाती लागत नाही. इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाचा कायदा १९८५ साली झाला, १९८७ मध्ये त्याने पहिले विद्यार्थी घेतले, ते फक्त दोन पदविकांसाठी आणि त्यांची संख्या होती ४,५२८. ब्रिटनच्या मुक्त विद्यापीठाला १९६९ मध्ये सनद मिळाली आणि पहिले विद्यार्थी १९७१ च्या जानेवारीत शिकू लागले. एक पैसाही शुल्क हातात नसताना पुस्तके लिहिण्यात जाणारी ही दोन वर्षे कोणत्याही देशाला टाळता येत नाहीत आणि आराखड्यात सर्वांत जास्त जपावी लागते ती हीच दोन वर्षे. त्या अधिकाऱ्यांनी वही आपल्याकडे घेतली आणि तेच गणित स्वतःच्या चलनात पुन्हा करून पाहिले.

अभ्यासकेंद्र एका माध्यमिक शाळेच्या दोन खोल्यांत भरत असे. पहिल्या वर्षाच्या वर्गाला बेचाळीस जणांची नावे होती आणि त्या दिवशी सतरा जण हजर होते. समंत्रक त्याच शाळेतले शिक्षक होते. ते मराठीतून शिकवत होते आणि पाहुणे मागच्या बाकावर शांतपणे बसून होते. मधल्या सुट्टीत पाहुण्यांच्या विनंतीवरून एक ताई बोलायला तयार झाल्या. वय तिशीच्या आसपास, दहावीनंतर शाळा सुटलेली, बारावीऐवजी विद्यापीठाची पूर्वतयारीची परीक्षा देऊन पदवीच्या शिक्षणक्रमाला आलेल्या. वित्त मंत्रालयाच्या अधिकाऱ्यांनी माझ्यामार्फत विचारले, "एका रविवारचा तुम्हाला खर्च किती येतो?"

मला वाटले होते की त्या एस.टी.च्या भाड्याचा आकडा सांगतील. त्यांनी आधी बोटांवर काहीतरी मोजले. मग म्हणाल्या, "सर, येण्याजाण्याचं भाडं धरा, आणि आजचा बागेतला रोज बुडाला तो धरा. बाकी सासूबाईंकडं पोरं ठेवून आले, त्याचं काय धरायचं ते तुम्हीच सांगा."

मी ते भाषांतर करून सांगितले. अधिकारी काही क्षण बोलले नाहीत. मग त्यांनी विचारले की हंगाम चालू असताना रोज बुडवून त्या का येतात. उत्तर आले, "पुस्तक घरी वाचते मी. पण अडलं की विचारायला इथंच माणूस आहे. मागल्या वर्षी बिगर विचारताच शिकायचं म्हणत होते, तर तीन महिन्यांत सुटलं."

समंत्रकांच्या टेबलावर पोस्टकार्डांचा एक गठ्ठा होता. सलग दोन सत्रांना जो आला नाही, त्याला ते स्वतःच्या अक्षरात चार ओळी लिहीत: कुठवर शिकवून झाले, पुढच्या रविवारी काय घेणार आणि अडले असेल तर सत्राआधी अर्धा तास या. शाळेतल्या गैरहजर मुलांच्या पालकांनाही ते असेच लिहीत आले होते, ही त्यांची जुनी सवय होती. पन्नास पैशांचे कार्ड. त्या दिवशीच्या सतरा जणांपैकी तिघांनी हात वर करून सांगितले की आपण कार्ड आल्यामुळेच परत आलो. बाहेर पडल्यावर वित्त मंत्रालयाच्या अधिकाऱ्यांनी मला विचारले, "या कार्डासाठी आमच्या अंदाजपत्रकात खर्चाचे शीर्ष कोणते?"

तसे शीर्ष नव्हतेच.

परतीच्या वाटेवर मला माझी स्वतःची एक चूक सांगावीशी वाटली आणि मी ती सांगितली. बऱ्याच वर्षांपूर्वी दुसऱ्या एका प्रकल्पात खर्च कमी करून द्या, असे सांगितल्यावर मी समंत्रणाची तरतूद निम्मी केली होती. माणशी खर्च कमी दिसला आणि माझे कौतुकही झाले. तो आकडा प्रवेश घेणाऱ्या माणसामागचा होता. उत्तीर्ण होणाऱ्यामागे किती खर्च येतो, हे मी पाहिलेच नव्हते. समजा, शंभर जण प्रवेश घेतात, माणशी चार हजार रुपये खर्च होतात आणि त्यांतले वीस उत्तीर्ण होतात, तर एका उत्तीर्णामागे वीस हजार रुपये गेले. प्रत्येकाच्या समंत्रणासाठी सहाशे रुपये अधिक घातले आणि त्यामुळे चाळीस जण टिकले, तर तोच खर्च साडेअकरा हजारांवर येतो. पहिल्या पद्धतीने पाहिले तर शिक्षण महाग झाले असे दिसते, दुसऱ्या पद्धतीने पाहिले तर स्वस्त. सोडून गेलेल्या ऐंशी जणांनी आपले शुल्क आणि आपले रविवार गमावले होते. त्या नुकसानीला तर मी कोणत्याच कोष्टकात जागा दिली नव्हती. ही गोष्ट मला आजही बोचते.

दुपारी दोनला आम्ही टेबलाशी बसलो आणि रात्री नऊपर्यंत उठलो नाही. शिष्टमंडळाच्या प्रमुखांची अडचण खरी होती: मंत्र्यांना उद्घाटनासाठी इमारत हवी होती आणि देणगीदार चालू खर्चाला हात लावणार नव्हते. या कोंडीतून वाट निघाली ती हिशेबाच्या भाषेत. एखादे पुस्तक पाच-सहा वर्षे चालणार असेल, तर ते लिहून घेण्याचा खर्च एका वर्षाचा चालू खर्च ठरत नाही. तो यंत्रासारखाच भांडवली आहे आणि त्याच्या आयुष्यावर विभागून दाखवला पाहिजे. समंत्रकांचे पहिले प्रशिक्षणही तसेच. हे पटताच वित्त मंत्रालयाच्या अधिकाऱ्यांनी स्वतः पेन्सिल घेतली आणि दोन्ही बाबी देणगीदाराकडे मागायच्या रकान्यात नेल्या. समंत्रकांचे दर सत्राचे मानधन मात्र चालूच राहणार होते. त्यासाठी प्रत्येक शुल्कातला एक भाग बाजूला काढावा आणि तो दुसरीकडे वळवता येऊ नये, अशी तरतूद विधेयकातच असावी, असे मी सुचवले. कारण एखाद्या विद्यापीठाच्या पत्रद्वारा शिक्षण देणाऱ्या विभागात जमा झालेला शिलकी पैसा मूळ विद्यापीठाच्या इतर खर्चासाठी वळण्याची उदाहरणे आपल्याकडे पुष्कळ आहेत.

अभ्यासक्रमांची संख्या साठवरून चौदावर आणताना वाद झाला. शेतीचे दोन अभ्यासक्रम मी काढून टाकायला सांगितले, कारण त्यांना पहिली काही वर्षे विद्यार्थी थोडे मिळतील आणि माणशी खर्च सर्वांत जास्त येईल. अभ्यासक्रमांची जबाबदारी असलेल्या प्राध्यापिका तोवर फारशा बोलल्या नव्हत्या. त्यांनी विचारले, "आज सकाळी ज्या बाईंना आपण भेटलो, त्या कुठे काम करतात?" आणि पुढे त्या म्हणाल्या की त्यांच्या देशातली बहुतेक माणसे शेतावर आहेत, ज्या विद्यापीठात शेती शिकता येत नाही, ते या माणसांसाठी खुले आहे असे त्या कोणत्या तोंडाने सांगणार. माझे गणित बरोबर होते आणि त्यांचे म्हणणेही बरोबर होते. ते दोन अभ्यासक्रम राहिले. मोठ्या संख्येच्या वाणिज्य शाखेतून वाचणारा पैसा त्यांना आधार देईल, असे वेगळे टिपण आम्ही जोडले.

रात्री ते मुंबईला गेले. साधारण आठ महिन्यांनी मंजूर अंदाजपत्रकाची प्रत टपालाने आली. दूरचित्रवाणीचा स्टुडिओ जसाच्या तसा होता. पुस्तकलेखन भांडवली रकान्यात होते, अभ्यासक्रम सोळा झाले होते, त्यांत शेतीचे दोन्ही होते. समंत्रणाची तरतूद आम्ही लिहिली होती तिच्या दोन-तृतीयांश उरली होती. तिच्या खाली मात्र एक नवी ओळ होती: गैरहजर विद्यार्थ्यांशी पत्रव्यवहार. रक्कम लहान होती आणि तिच्यापुढच्या शेऱ्याच्या रकान्यात इंग्रजीत एकच शब्द लिहिला होता, दिंडोरी.