बूडिका राणीच्या मागावर: जळालेली तीन शहरं आणि थोडं नॉरफोक

आधीच सांगून टाकते, बूडिकाच्या बंडाची ठिकाणं बघायला निघालात तर तिचा किल्ला, तिची समाधी, तिची तलवार असलं काहीही मिळणार नाहीये. तिने बांधलेलं असं दाखवायला काही नाही, आहे ते तिने जाळलेलं आणि रोमनांनी नंतर धडा घेऊन बांधलेलं. हे डोक्यात ठेवून गेलात तर ट्रिप भारी होते, नाहीतर "एवढ्यासाठी एवढं तिकीट काढलं का" असं म्हणत परत याल.

गोष्ट माहीत नसेल तर थोडक्यात. इ.स. ६० च्या सुमाराला (काही जण ६१ म्हणतात) इंग्लंडच्या आजच्या नॉरफोक भागात आयसेनी नावाची केल्टिक जमात होती, राजा प्रासुटागस, रोमचा मांडलिक. त्याला मुलगा नव्हता, म्हणून मृत्युपत्रात त्याने आपल्या दोन मुलींच्या जोडीला नीरो बादशहालाही वारस केलं, म्हणजे बादशहा खूश आणि घरदार शाबूत असा त्याचा हिशोब. तो मेल्यावर रोमनांनी सगळंच घशात घातलं, राणी बूडिकाला फटके मारले, मुलींवर बलात्कार केले. मग तिने बंड पुकारलं, आजची कोल्चेस्टर, लंडन आणि सेंट ऑल्बन्स ही तीन शहरं जाळली, आणि शेवटी रोमनांनी बंड मोडलं. आई व्हिजिटवर आलेली, ट्रेनमध्ये हे ऐकून म्हणाली, "अगं हे तर झाशीचंच झालं की." आणि खरंच, गंगाधररावांनी दत्तक घेतला तरी १८५४ मध्ये डलहौसीने झाशी खालसा केली, वारसाचा कागद धुडकावून राज्य गिळायची रीत अठराशे वर्षांत फार काही बदललेली दिसत नाही.

कुठून सुरू करायचं, तर कोल्चेस्टर. लंडनमधला पुतळा आधी बघू नका, तो शेवटी बघा, का ते खाली सांगते. लिव्हरपूल स्ट्रीटवरून साधारण तासाभरात पोचता, आणि हीच लाइन पुढे नॉरिचला जाते हे लक्षात ठेवा, म्हणजे परत लंडनला न येता तसंच वर जाता येतं. गावाची दोन स्टेशनं आहेत, फास्ट गाड्या मेन स्टेशनवर थांबतात आणि तिथून गावात जायला पाऊण तासाची नाही पण वीसेक मिनिटांची चाल आहे, शेवटी चांगला चढ. गुडघे दुखणारं कुणी सोबत असेल तर सरळ बस पकडा.

हे कोल्चेस्टर म्हणजे रोमनांचं कामुलोडूनम. निवृत्त सैनिकांना स्थानिक ट्रिनोव्हँटीस लोकांच्या जमिनी हिसकावून दिल्या, वर क्लॉडियस बादशहाचं भलंमोठं देऊळ, त्याचा खर्चही त्याच लोकांच्या डोक्यावर, त्यामुळे आयसेनी उठल्यावर हेही लगेच सामील झाले. आणि गावाला तटबंदीच नाही! मदत मागितली तर रोमन खजिनदाराने जेमतेम दोनशे माणसं पाठवली. उरलेले लोक देवळात कोंडून घेऊन दोन दिवस लढले, मग संपलंच. या देवळाच्या पायावर हजार वर्षांनी नॉर्मन लोकांनी किल्ला बांधला, तोच आजचा कोल्चेस्टर कॅसल. आत म्युझियम आहे, पण खरी चीज आहे खाली, देवळाचा पाया. त्यासाठी गाइडची टूर घ्यावी लागते, तिकीट वेगळं, त्या दिवशी टूर आहे का हे काउंटरवर पोचल्या पोचल्या विचारा. खाली उतरलं की डोक्यावर रोमन कमानी आणि त्यांच्यावर अख्खा किल्ला उभा, हात लावता येतो, गार आणि खरखरीत. जे लोक वर दोन दिवस अडकले होते त्यांच्या पायाखाली हे होतं, एवढं कळलं तरी पैसे वसूल.

म्युझियममध्ये घाई करू नका. २०१४ मध्ये हाय स्ट्रीटवरच्या एका दुकानाच्या खाली खोदताना दागिने सापडले, फेनविक ट्रेझर म्हणतात त्याला, सोन्याच्या बांगड्या, कानातलं, अंगठ्या, चांदीची साखळी, थोडी नाणी, घराच्या जमिनीत छोटा खड्डा करून पुरलेले. परत काढायला कुणी आलंच नाही. आई त्या काचेसमोरून हलेना, तिचं म्हणणं, "घाईघाईत पुरलंय गं, कुणीतरी बाई असणार, लेकीसाठी ठेवलेलं असणार." लेकीचं माहीत नाही पण बंड गावाच्या वेशीवर आलेलं असताना पुरलेत हे अभ्यासकही म्हणतात. त्याच म्युझियममध्ये लोंगिनस नावाच्या घोडेस्वाराचा थडग्याचा दगड आहे, १९२८ मध्ये सापडला तेव्हा तोंड फुटलेलं होतं आणि सगळ्यांनी खुशाल बूडिकाच्या माणसांवर बिल फाडलं. १९९६ मध्ये चेहऱ्याचा तुकडा सापडला आणि कळलं की तो फोडला होता १९२८ च्या खोदकामातल्या मजुरांनी. बिचारे बंडवाले!

गावाखाली सगळीकडे जळालेल्या लाल मातीचा थर आहे, काही ठिकाणी अर्धा मीटर जाड, इमारतीचं काम निघालं की तो दिसतोच. घरं माती आणि लाकडाची, त्यामुळे भिंती अक्षरशः भाजून निघाल्या. त्यात करपलेले खजूर मिळालेत, म्हणजे इथल्या चिखलात राहून कुणीतरी रोमन माणूस खजूर मागवून खात होता. दुपारी गावाच्या रोमन भिंतीच्या कडेने चाला, बाल्कर्न गेट अजून उभं आहे, फुकट आहे. मात्र ही भिंत बंडानंतरची आहे, घोडा पळाल्यावर तबेल्याला कडी लावली तसलं काम.

संध्याकाळच्या ट्रेनने नॉरिच. तिथल्या कॅसल म्युझियममध्ये बूडिकावर गॅलरी आहे, मुलं बरोबर असतील तर रथात बसायचा खेळ त्यांना आवडेल. मोठ्यांनी क्राउनथॉर्पचा साठा शोधा, पितळी-काशाची सात भांडी, पैकी दोन पेले रोमन घाटाचे पण कानांवर चिमुकली बदकं बसवलेली. म्हणजे रोमन फॅशन करायची तर आपल्या पद्धतीने करायची! आयसेनी म्हणजे कुणी रानटी टोळी नव्हती हे तिथे डोळ्यांना दिसतं.

नॉरिचच्या दक्षिणेला पाचेक किलोमीटरवर केस्टर सेंट एडमंड, इथे रोमनांनी बंड मोडल्यावर आयसेनी लोकांसाठी 'बाजारपेठ' वसवली, वेंटा आयसेनोरम. आता फक्त कुरण, भोवती भिंतीचे अवशेष, आणि मेंढ्या. तिकीट नाही, दुकान नाही, चहा नाही. मला आवडलं, नवरा म्हणाला हे तर शेत आहे. पावसानंतर गेलात तर चिखल भरपूर, चांगले बूट घाला, आणि बसच्या भरवशावर राहू नका, टॅक्सी करा आणि परतीचंही तेव्हाच ठरवून टाका. चालायची हौस असलेल्यांसाठी नॉरिच ते डिस असा ३६ मैलांचा 'बूडिका वे' आहे, आम्ही त्या वाटेला गेलो नाही.

परत येताना वेगळी लाइन घ्या, थेटफर्ड-केंब्रिजवरून. थेटफर्डला आयसेनींचं मोठं आवार सापडलं होतं, १९८० नंतर उत्खनन झालं, पण आज त्या जागी इंडस्ट्रियल इस्टेट आहे, बघण्यासारखं शून्य. तरी उतरा, कारण नदीतल्या बेटावर घोड्यावर बसलेल्या महाराजा दुलीपसिंगांचा पुतळा आहे. डलहौसीनेच १८४९ मध्ये पंजाब घेतला, पोरवयातल्या राजाची गादी गेली आणि पुढे तो इथे जवळ एल्व्हडनला इस्टेट घेऊन राहिला. गावातलं एन्शंट हाउस म्युझियम त्याच्या मुलाने गावाला दिलेलं. आयसेनींच्या मुलुखात आपला एक राज्य गेलेला राजा भेटतो हा योगायोग मला कुठल्याच गाइडबुकात वाचायला मिळाला नव्हता.

आता लंडन. बंड पेटलं तेव्हा रोमन गव्हर्नर स्युटोनियस पॉलिनस वेल्सजवळच्या अँगलसी बेटावर ड्रुइडांशी, म्हणजे केल्टिक पुजाऱ्यांशी, लढत होता, तो धावत आला, बघितलं आणि हे शहर वाचवता येणार नाही म्हणून सोडून दिलं. मागे राहिलेले सगळे कापले गेले. तिन्ही शहरांत मिळून सत्तर हजार मेले असं रोमन इतिहासकार टॅसिटस सांगतो, आकडा फुगवलेला असू शकतो, पण त्याचा सासरा त्या काळात इथेच नोकरीला होता म्हणून मी त्याचं निदान ऐकून घेते. दुसरा इतिहासकार कॅशियस डायो दीडशे वर्षांनी लिहितो, कमरेपर्यंत केस, गळ्यात सोन्याचा जाड पिळाचा हार वगैरे वर्णन त्याचं. तसा हार बघायचा तर ब्रिटिश म्युझियमच्या खोली ५० मध्ये स्नेटिशॅमचा आहे, किलोच्या वर वजन, बूडिकाच्याही आधीचा. शेजारच्या ४९ मध्ये सफोकच्या नदीत सापडलेलं नीरोचं ब्राँझचं मुंडकं, पुतळ्यावरून उपटलेलं, आणि क्लासिशियानसच्या थडग्याचे दगड. हा बंडानंतर आलेला नवा खजिनदार, याने नीरोला कळवलं की गव्हर्नर सूड थांबवत नाहीये, त्याला बदला. हा स्वतः बहुतेक गॉलचा, म्हणजे मुळात केल्टच! लोक या दगडासमोरून सरळ पुढे जातात, तुम्ही थांबा.

वॉलब्रुकला लंडन मिथ्रियम, म्हणजे मिथ्र देवाचं रोमन देऊळ आहे, फुकट पण आधी बुकिंग करा, सोमवारी बंद. देऊळ तिसऱ्या शतकातलं, आपल्या कामाचं नाही, आपल्याला बघायच्यात तिथल्याच खोदकामात निघालेल्या लाकडी पाट्या. त्यातल्या एकीवर २१ ऑक्टोबर ६२ तारखेचा करार आहे, वेरुलेमियमहून (आजचं सेंट ऑल्बन्स) लंडनला धान्यसामानाच्या वीस खेपा आणायचा. दोन्ही शहरं जाळून राख झालेली, आणि वर्ष-दोन वर्षांत भाड्याची घासाघीस सुरू. कारकुनी अक्षरातली ती एवढीशी पाटी मला सगळ्या पुतळ्यांपेक्षा जास्त बोलकी वाटली.

पुतळा वेस्टमिन्स्टर पुलापाशी, बिग बेनच्या समोर. पाटीवर बोडिसिया असं जुनं नाव आहे, तीच ही. रथाच्या चाकांना पाती आहेत, त्याला पुरावा काही नाही. शिल्पकार थॉर्निक्रॉफ्टने काम सुरू केलं १८५६ च्या आसपास, म्हणजे इकडे मातीतून बंडखोर राणी घडत होती आणि तिकडे इंग्रज खऱ्याखुऱ्या राणीवर तोफा डागत होते. चौथऱ्यावर लिहिलंय की सीझरला माहीतही नसलेल्या मुलखांवर तुझे वंशज राज्य करतील. आई ते वाचून एवढंच म्हणाली, "वा रे वा." हे सगळं बघून झाल्यावर ती ओळ वाचण्यात मजा आहे, म्हणून शेवटी.

सेंट ऑल्बन्स म्हणजेच वेरुलेमियम, अर्ध्या दिवसाचं काम. सेंट पँक्रसवरून थेम्सलिंकने वीसेक मिनिटं, सेंट ऑल्बन्स सिटी स्टेशनला उतरा, ॲबी स्टेशन वेगळ्या लाइनवर आहे. म्युझियम, पार्कातला मोझेक आणि रोमन थिएटर अशी तीन ठिकाणं. थिएटर नंतरचं, पण त्याच्या शेजारी बंडात जळालेल्या दुकानांचे पाये आहेत, ते चुकवू नका, लोक त्यांच्यावर पाठ करून थिएटरचे फोटो काढत असतात.

शेवटची लढाई कुठे झाली हे नक्की नाही. वॉरविकशरमधल्या मॅन्सेटरचं नाव जास्त घेतलं जातं, पण तिथे बघण्यासारखं म्हणजे शेतं आणि ए-५ हायवे, खास त्यासाठी जाऊ नका. किंग्ज क्रॉसच्या प्लॅटफॉर्मखाली तिला पुरलंय ही तर नुसती लोणकढी.

तिघं किंवा जास्त असाल तर ग्रुपसेव्ह तिकीट घ्या, ऑफ-पीकला एक तृतीयांश सूट मिळते, दोघंच असाल तर टू टुगेदर रेलकार्ड. खाण्याचं म्हणाल तर शाकाहारी लोकांनी केस्टरला आणि थिएटरच्या बाजूला जाताना डबा न्यावाच, आम्ही दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी नेली होती. आणि रविवारी रेल्वेची कामं निघतात, मग ट्रेनऐवजी बसमध्ये बसवतात आणि अख्खा दिवस जातो, त्यामुळे कोल्चेस्टर-नॉरिचचा भाग शनिवारी उरकून घ्या.