बांधावरचा बचनाग

गणपतीला चार दिवस राहिले होते. सकाळी पहिल्या वर्षाचं प्रॅक्टिकल सुरू होतं आणि मुलं कांद्याच्या मुळांची टोकं चिमट्याने बाटलीत सोडत होती. तेवढ्यात तालुक्याच्या एका दवाखान्यातून फोन आला. फोन करणारा डॉक्टर अकरावी-बारावीला माझ्याच वर्गात होता.

"मॅडम, बचनाग आपल्याकडे कुठे मिळतो? पेशंट आलाय. रात्री कंद उकडून खाल्लाय."

पेशंट शेतकरी. बांध साफ करताना त्याला कंद सापडला होता. मागून त्याच्या बायकोचा आवाज येत होता, "कणगर समजान उकडल्यान आणि खाल्ल्यान!" शेजाऱ्यांनी पाहून तो बचनाग असल्याचं सांगितलं होतं. डॉक्टरने पुस्तक उघडलं. बचनाग म्हणजे अकोनायटम, थेट हृदयावर जाणारं विष. तो मॉनिटर लावून बसला होता. "पण ठोके ठीक आहेत. तोंडाला मुंग्या नाहीत, जीभ बधिर नाही. उलट्या-जुलाब मात्र पहाटेपासून थांबत नाहीत."

खरा बचनाग हिमालयातला. आमच्या कातळावर, जांभ्याच्या गडग्याला तो कुठून येणार? "कंद उरलाय का? फोटो पाठव. आणि मुलाला सांग, तिथलाच वेल पानांसकट उपटून आण."

फोटो आला. स्टीलच्या ताटलीत उकडलेल्या कंदाचा तुकडा. दोन हात एकमेकांना कोनात जोडलेले, टोकांकडे निमुळते होत गेलेले. छोट्या नांगरासारखे. मनात नाव आलं होतं, पण एका फोटोवरून बोलायची माझी हिंमत झाली नाही. प्रॅक्टिकल सहकाऱ्यावर सोपवून मी दवाखाना गाठला. मुलगा मोटारसायकलवरून पिशवी घेऊन आला. वेल चुरगळला होता, फुलाच्या दोनच पाकळ्या धड होत्या. कडा नागमोडी, खाली पिवळ्या, वर लाल. मी पान हातात घेतलं. त्याचं टोक बारीक होत गेलं होतं आणि शेवटी स्प्रिंगसारखं वळलं होतं. या टोकानेच तो वेल कुंपण धरतो.

"कळलावी," मी म्हटलं. "ग्लोरिओसा सुपर्बा."

डॉक्टरच्या चेहऱ्यावर काही उमटलं नाही. त्याचं काय चुकलं? वनस्पतींना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसने 1753 साली छापलेलं हे नाव फुलाकडे बघून दिलेलं. लॅटिनमध्ये ग्लोरिओसा म्हणजे वैभवाने भरलेली. सुपर्बा म्हणजे दिमाखदार, आणि गर्विष्ठही. रोमच्या शेवटच्या राजाला, तार्क्विनियसला, लोक सुपर्बस म्हणत ते या दुसऱ्या अर्थाने. नाव फुलाला शोभतं, पण विषाबद्दल त्यात अक्षर नाही. आपल्या माणसांनी मात्र जमिनीखाली पाहिलं होतं. संस्कृतात ती लांगली, म्हणजे नांगरासारखी. ताटलीतला तुकडा मी त्यावरूनच ओळखला होता. मराठीत कळलावी, कळा लावणारी. अडलेल्या बाळंतिणीला हा कंद उगाळून लावायची पद्धत होती. आणि हिलाच कुठे खड्यानाग म्हणतात, कुठे बचनाग. त्या शेजाऱ्यांनी चूक केली नव्हती. त्यांच्या वाडीत तिचं नाव तेच होतं.

"फॅमिली कोणती?" त्याने विचारलं. बारावीची सवय.

"कोल्चिकेसी."

तो एकदम ताठ झाला. "कोल्चि... म्हणजे कोल्चिसिन? गाऊटची, सांधे सुजण्यावरची गोळी?"

"तेच. कंदात आणि बियांत. उकडून जात नाही."

मी शिकले तेव्हा ही वनस्पती लिलिएसी कुळात होती, लिलीच्या गोतावळ्यात. तेच कुळ मी त्याला सांगितलं असतं तर तो शब्द कोरडाच गेला असता. नंतर कुळांची फेरमांडणी झाली आणि ती कोल्चिकम या युरोपी फुलाशेजारी येऊन बसली. कोल्चिकम हे नाव कोल्किसवरून, काळ्या समुद्राच्या पूर्वेचा प्रदेश, आजच्या जॉर्जियात. ग्रीकांच्या कथेतली मेडिया तिथली, विषं आणि औषधं जाणणारी राजकन्या. 1820 साली पॅरिसमध्ये पेल्तिए आणि काव्हांतू या रसायनशास्त्रज्ञांनी कोल्चिकममधून सत्त्व वेगळं काढलं, त्याला पुढे कोल्चिसिन नाव मिळालं. दोन-अडीच हजार वर्षं एका विषारी देशाचं नाव हातोहात येत राहिलं आणि त्या सकाळी आमच्या दवाखान्यात पोचलं. मला तर अंगावर काटा आला.

डॉक्टरला पुढचं सांगावं लागलं नाही. हृदयाकडचं लक्ष त्याने मूत्रपिंड, यकृत आणि रक्तपेशींकडे वळवलं. "आज बरा वाटेल, खरा धोका पुढचे दोन-तीन दिवस," असं बायकोला समजावून त्याने सलाईन चालू ठेवूनच पेशंटला मोठ्या रुग्णालयात हलवलं. विषावर हमखास उतारा असा नव्हताच. लवकर कळणं एवढंच हाताशी होतं.

कॉलेजला परतले तेव्हा टेबलावर सकाळच्या बाटल्या तशाच होत्या. त्यांच्यात कोल्चिसिनचंच द्रावण होतं. पेशी दुभंगताना गुणसूत्रं ओढणारे धागे ते बांधूच देत नाही, म्हणून विभाजन मध्येच थांबतं आणि मुलांना गुणसूत्रं मोजता येतात. भराभर वाढणाऱ्या पेशींना ते सगळ्यात आधी गाठतं. मुळाचं टोक, तसंच माणसाचं आतडं, हाडांतला मगज, केसांची मुळं. इतकी वर्षं ती बाटली मी हाताळली होती, पण त्या दिवशी तिच्यावरचं लेबल वाचताना हात थांबला.

माणूस वाचला. दुसऱ्या आठवड्यात त्याचे केस पुंजक्यांनी गळाले. दिवाळीच्या आधी तो डोक्याला टॉवेल बांधून कॉलेजात आला, सोबत करांद्यांची पिशवी. माझ्यासमोर एकेक करांदा उलटसुलट करून दाखवत म्हणाला, "बाई, ह्ये बघून घ्या, मगच घरात न्या."

आमच्या हर्बेरियममध्ये, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहात, कळलावीची जुनी शीट आहे. फूल तपकिरी पडलंय, पानाच्या टोकाचा वेटोळा अजून शाबूत आहे. लेबलवर स्थानिक नावाच्या रकान्यात एकच शब्द होता, कळलावी. मी त्याखाली काळ्या शाईने खड्यानाग आणि बचनाग लिहिलं, वाडीचं नाव घातलं, लिलिएसीवर रेघ मारून कोल्चिकेसी केलं आणि शीट परत कपाटात ठेवली.